मूळ सेटिंग

हर्षाचं उत्तर पोहोचलं तेव्हा सगळे गप्प झाले होते, आणि गप्प होण्याचं कारण वेगळंच होतं.

कळमेश्वरच्या पुढे अंकुशच्या मावसभावाचं शेत आहे. दर हिवाळ्यात एका रविवारी तिथे रोडग्यांचा बेत असतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, तर्रीदार वांग्याची भाजी आणि जेवण होईपर्यंत एकमेकांची यथेच्छ टिंगल. त्या दिवशी कोणीतरी अंकुशच्या सुटत चाललेल्या पोटावर घसरलं. अंकुशने सवयीने बायकोकडे पाहिलं. हर्षाच्या डोळ्यांत जुनी चमक उमटली होती, म्हणजे तिला काहीतरी झणझणीत सुचलं होतं. पण सुचणं आणि ऐकू येणं यांच्यात आता दहाएक सेकंदांचं अंतर होतं. तेवढ्यात मावसभावाच्या बायकोने गावातल्या एका तरुण बाईच्या मरणाची गोष्ट काढली. मागे दोन लेकरं. सगळे हळहळले. आणि नेमक्या त्या शांततेत हर्षाच्या गळ्यातल्या स्पीकरमधून तिचा खणखणीत आवाज आला, "असू द्या ना बाप्पा, उन्हाळ्यात मला तेवढीच सावली."

कोणाला काही कळलं नाही. एक काका चुकून हसले आणि ओशाळले. हर्षाने डाव्या हाताने गळ्यातला स्पीकर सोडवला आणि पर्समध्ये टाकला. घरी आल्यावर तो तिने बाहेर काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

ही तीच हर्षा ठवकर, जिचं समालोचन ऐकायला लोक कबड्डीच्या सामन्यांना यायचे. काटोल, सावनेर, उमरेड, वरोरा, कुठेही मोठी स्पर्धा असली की माईक तिच्याकडे. चढाईवर निघालेला गडी पलीकडे पाय टाकायच्या आत ती त्याचं गाव, त्याची खोड आणि तो कोणत्या कोपऱ्यात पकडला जाणार, हे सांगून मोकळी व्हायची. मग चाळिशी ओलांडता ओलांडता मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. शब्द, अर्थ, खोडसाळपणा, सगळं डोक्यात शाबूत राहिलं. पण जीभ, ओठ आणि उजवा हात यांनी हुकूम मानणं सोडलं. डाव्या हाताने ती टॅबलेटवर एकेक अक्षर लिहायची. दोन ओळी लिहिताना घामाघूम व्हायची आणि बहुतेक वेळा मध्येच सोडून द्यायची.

म्हणून ते यंत्र बसवलं. मेंदूच्या ज्या भागातून तोंडाला हुकूम सुटतात, त्याच्यावर केसाहून बारीक तारांचा एक पातळ पडदा आणि त्याला जोडलेला, कानामागच्या हाडात रुतवलेला प्रोसेसर. बोलायचं मनात आलं की पेशींची जी धावपळ होते ती पडदा टिपतो, प्रोसेसर तिच्यातून शब्द ओळखतो आणि गळ्यातला स्पीकर ते शब्द बोलतो. आवाज हर्षाचाच होता, समालोचनाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला. त्यामुळे ती घरात चहा मागायची तोही मैदानावरून मागितल्यासारखा वाटायचा. अडचण एकच होती. चूक होऊ नये म्हणून प्रोसेसर अख्खं वाक्य जमवायचा, तपासायचा आणि मगच बोलायचा. डॉक्टरांच्या दृष्टीने हा चमत्कार होता, आणि होताच. पण टोमण्याला दहा सेकंद उशीर झाला की तो टोमणा राहत नाही.

*

अंकुश पोटापाण्यासाठी हॉस्पिटलांतली एमआरआय मशीनं दुरुस्त करायचा. जीव मात्र त्याचा तरुणपणी भलत्याच गोष्टीत अडकला होता. कॉलेजात असताना तो आणि त्याचा मित्र इम्रान ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागले होते.

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला एक ठोका असतो. सेकंदाला अब्जावधी ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला कामाचं एक पाऊल. हा ठोका किती जलद असावा हे कंपनी ठरवते. पण एकाच तव्यावरच्या भाकरी जशा सारख्या होत नाहीत, तशा एकाच कारखान्यातल्या चिपाही सारख्या नसतात. काही कच्च्या निघतात, काही दणकट. कंपनीला सगळ्यांवर एकच आकडा छापायचा असतो, म्हणून ती कच्चीतल्या कच्चीलाही झेपेल असा आकडा छापते आणि वरची जागा कुलूप लावून ठेवते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ते कुलूप उघडणं. ठोका वाढवायचा, तो अडखळला तर व्होल्टेज थोडं वाढवायचं, त्याने उष्णता वाढते, मग ती काढायची सोय बघायची.

नागपुरात हा छंद म्हणजे शुद्ध वेडेपणा. मे महिन्यात बाहेर भट्टी पेटलेली आणि ही पोरं प्रोसेसर थंड ठेवायच्या मागे. इम्रानच्या घरच्या कूलरला पत्र्याची नळी जोडून त्यांनी वाळ्याच्या ताट्यांमधली गार हवा थेट कॉम्प्युटरच्या पोटात सोडली होती. इम्रानची अम्मी विचारायची, कूलर माणसांसाठी घेतला का मशीनसाठी. लोक विचारायचे, एवढं करून मिळतं काय? गेम तोच, हिशेब तोच, सिनेमा तोच. त्यावर अंकुशला कधी धड उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं होतं, की आपल्या हातातल्या वस्तूत कोणीतरी काहीतरी राखून ठेवलंय, हे एकदा कळलं की माणसाला चैन पडत नाही. ते उपयोगाचं आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. आणि प्रत्येकाला मनातून खात्री असते, की आपल्या वाट्याला आलेली चिप दणकटांपैकीच आहे.

या मंडळींची एक सवय होती. काहीही छेडण्याआधी कंपनीची सेटिंग जपून ठेवायची. अंकुश त्या फाइलला 'मूळ' असं नाव द्यायचा. फारच बिघडलं, स्क्रीन काळी पडली, तर बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून थोडा वेळ थांबायचं आणि परत बसवायचा. मशीन जन्मल्या दिवसासारखं सुरू व्हायचं. बेदरकार वागायची मुभा त्यांना या एका सवयीने दिली होती. अंकुशचे केस पिकायला लागले, इम्रान दुबईला गेला, तरी 'चाळीस डिग्री' नावाचा त्यांचा जुना ग्रुप चालू होता आणि ही सवयही अंगात मुरलेली होती.

*

रोडग्यांच्या त्या रविवारनंतर अंकुशने हर्षाच्या यंत्रात डोकं घातलं. चार्जिंगसाठी कानामागे जी चकती चिकटवायची, तिच्यातूनच कंपनीचे लोक सेटिंग बदलतात, हे त्याला माहीत होतं. कुलूप उघडायला थोडे दिवस लागले, पण उघडलं. आत पाहिलं तर सगळं ओळखीचं. तोच ठोका, तेच व्होल्टेज.

फरक एवढाच, की इथे कूलर लावता येत नाही. प्रोसेसरची उष्णता वाहून नेतं ते आजूबाजूचं रक्त, आणि मेंदूला आपल्या नेहमीच्या तापमानावर अंश-दीड अंशही सहन होत नाही. कंपनीने ठोका इतका मंद ठेवला होता तो त्यासाठीच. पण अंकुशला एक वाट दिसली. हर्षाची चिप जर दणकट असेल, तर ती कमी व्होल्टेजवरही चालेल. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी. तिथे जी उष्णता वाचेल, ती ठोका वाढवण्यात खर्च करायची. डोकं होतं तेवढंच गरम, बोलणं कितीतरी पटींनी जलद. त्याने नुसतं वाचून पाहिलं, मोजमाप घेतलं आणि तो खुर्चीतून उठून घरभर फिरला. चिप दणकट होती.

दुपारी जेवणं झाल्यावर त्याने पर्समधून स्पीकर काढून हर्षाच्या गळ्यात घातला आणि सगळं समजावून सांगितलं. "करायचं का?" त्याने विचारलं.

हर्षा त्याच्याकडे बघत राहिली. सेकंद गेले.

"आणि नाही जमलं तर?" स्पीकर बोलला.

याचं उत्तर अंकुशच्या ओठांवर तयारच होतं. प्रश्न पुरा व्हायचीही त्याला गरज नव्हती. "मूळ सेटिंग ठेवली ना मी जपून. एक बटण दाबलं की जसं होतं तसं. आपलं काही जात नाही."

परत सेकंद गेले. "नक्की?"

"अगदी नक्की."

तिने मान डोलावली.

*

त्याने एकदम काही केलं नाही. थोडा ठोका वाढवायचा, तिला बोलायला लावायचं, कपाळाला हात लावून बघायचा, परत थोडा. संक्रांतीच्या सुमाराला उशीर निम्म्यावर आला. होळीपर्यंत तो एका श्वासाएवढा उरला. आणि एका सकाळी अंकुश आंघोळीहून टॉवेल शोधत बाहेर आला, "कुठे ठेवला बाप्पा हा टॉवेल," असं पुटपुटला, तर त्याचं वाक्य हवेत असतानाच पाठीमागून उत्तर आलं, "खांद्यावर आहे तुझ्या. पोटाखाली असता तर दिसलाही नसता."

तो तिथेच उभा राहिला आणि रडला. हर्षा हसत होती. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावरच हसू उमटायचं, पण त्या दिवशी ते अर्धं हसू घरभर झालं होतं.

नंतरचे महिने हे त्या दोघांच्या संसारातले फार चांगले महिने होते. ती दिवसभर बोलायची. भाजीवाल्याशी घासाघीस करायची, बातम्या देणाऱ्यांच्या चुका काढायची, यंत्राला 'माझी सवत' म्हणायची, कारण नवऱ्याचे हात आता तिच्यापेक्षा त्या चकतीवर जास्त असतात म्हणे. काटोलच्या स्पर्धेवाल्यांनी तिला बोलावलं. तिने मुलींचा एक सामना स्पीकरजवळ माईक धरून पुरा बोलून काढला. शेवटच्या चढाईला तिचे शब्द खेळाच्या पुढे धावत होते. मैदानावरची जुनी माणसं उठून उभी राहिली.

त्या आनंदात अंकुशने या मंडळींची दुसरी सवय पाळली. आकडा गाठला की तो ग्रुपवर टाकायचा, सगळ्या सेटिंगसकट, म्हणजे इतरांनाही करून बघता येतं. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. न टाकणारा कद्रू समजला जातो. त्याने 'चाळीस डिग्री'वर हर्षाचा व्हिडिओ टाकला, खाली सगळे आकडे, सगळे टप्पे. ग्रुपमधून ते कुठे कुठे गेलं त्याचा त्याला पत्ता लागला नाही. ज्यांच्या घरात असं हळू बोलणारं माणूस होतं ते सगळे जणू वाटच बघत होते. पोर्तुगालहून कोणीतरी आईचा व्हिडिओ पाठवला. त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण बाई भराभर भांडत होती.

*

पुढच्या उन्हाळ्यात पहिली चूक झाली. हर्षाने पाणी मागितलं आणि स्पीकर म्हणाला, "मंगळवार दे."

दोघं हसले. मग दिवसातून एकदा, मग बोलता बोलता मध्येच, वाटेल तो शब्द घुसायला लागला. अंकुशला कारण ठाऊक होतं. जलद ठोक्याने चिपमधल्या तारा झिजतात. विजेचा लोंढा धातूचे कण हळूहळू पुढे ढकलत नेतो. कुठे तार बारीक होते, कुठे गाठ जमते. कॉम्प्युटरमध्ये याला वर्षं लागतात आणि तोवर माणूस नवा प्रोसेसर घेतो. इथे चिप इतकी नाजूक होती की वर्ष-सव्वा वर्षातच ती झिजली. उपायही ठाऊक होता. थोडं मागे यायचं.

त्याने शांतपणे 'मूळ' फाइल उघडली आणि बटण दाबलं.

"बोल," तो म्हणाला.

हर्षा बोलली. बरेच सेकंद गेले आणि स्पीकरमधून नुसती गिचमीड बाहेर आली. अक्षरांवर अक्षरं, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. ती परत बोलली. परत तेच. तिच्या डोळ्यांत भीती दिसली तेव्हा अंकुशने घाईघाईने ठोका पुन्हा चढवला.

"हे काय होतं?" हर्षा म्हणाली. मग म्हणाली, "अंकुश, हे काय होतं?"

डॉक्टर खानझोडे बाईंनीच यंत्र बसवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्क्रीनवर मेंदूतले आलेख बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ठवकर, तुम्ही मशीन मूळ सेटिंगवर नेलं. यांच्या मेंदूची मूळ सेटिंग कुठे ठेवली होती?"

अंकुशने स्क्रीनवरच्या आलेखांकडे पाहिलं.

"मेंदू शिकत असतो हो. मशीन हळू होतं तेव्हा तो एकेक शब्द सुटा सुटा, ठासून पाठवायचा. तुम्ही मशीन जलद केलं, तसे त्यानेही शब्द आखूड केले. आता तो झपाझप, एकात एक घालून पाठवतो. हळू मशीनला ते सुटं करता येत नाही."

"मग पुन्हा हळू शिकवू ना मॅडम. पायरी पायरीने."

"तेही केलं असतं. पण शिकायला चूक दर वेळी सारखी व्हावी लागते. तीच चूक परत परत झाली तर मेंदू तिला वळसा घालतो. तुमची चिप झिजली आहे. ती आज इथे चुकते, उद्या तिथे. अशा मशीनकडून मेंदू काहीच शिकत नाही."

"चिप बदलली तर?"

"चिप पडद्याला कायमची जोडलेली आहे, ती काढायची तर पडदाही काढावा लागेल. पडद्यात आता पेशी वाढल्या आहेत. तो ओढला तर खालचं सगळं फाटेल." बाई हर्षाकडे वळल्या. "जलद ठेवलं तर चिप मरेपर्यंत बोलाल. हळू ठेवलं तर आजपासूनच नाही. तिसरं माझ्याकडे काही नाही. मला वाईट वाटतंय."

तरी अंकुशने पायरी पायरीने करून पाहिलं. प्रत्येक पायरीवर गिचमीड. मग ठोका तसाच ठेवून व्होल्टेज चढवणं एवढंच हातात उरलं. चढवलं की चार दिवस हर्षा स्वच्छ बोलायची, आणि चढवलेल्या व्होल्टेजनेच तारा आणखी झिजायच्या. हे समजत असूनही तो चढवत राहिला, कारण न चढवणं म्हणजे तिचं तोंड आपल्या हाताने बंद करणं होतं.

त्याने ग्रुपवर लिहिलं, कोणीही हे करू नका, परतीची वाट नाही. उत्तरं आली. तुमची चिप कच्ची निघाली असेल. तुम्ही व्होल्टेज चुकवलं. आमची व्यवस्थित चालू आहे. त्याने प्रत्येकाला पुन्हा पुन्हा समजावलं. पण त्या उत्तरांतला प्रत्येक शब्द त्याने स्वतः कधी ना कधी दुसऱ्याला ऐकवलेला होता.

*

हर्षा त्याच्याशी भांडली ती त्यानंतर आठवड्याने, भर दुपारी, कूलरच्या घरघरीत.

"तू म्हणाला होता परत येईल."

"मला तसं वाटलं होतं हर्षे."

"वाटलं होतं असं नाही म्हणाला. अगदी नक्की म्हणाला. मी दोनदा विचारलं होतं."

"मला माहीत नव्हतं गं."

"तेच म्हणून राहिली मी. माहीत नव्हतं आणि अगदी नक्की म्हणाला. कम्प्युटरचं माहीत होतं तुला, माझं नव्हतं. मी हो म्हटलं ते तुझ्या शब्दावर म्हटलं." ती थांबली नाही. इतक्या दिवसांचं साचलेलं ती धबाधबा बोलत गेली. त्याच्या आईपासून, त्याच्या घाईपासून, ती बोलत असताना पुढचं वाक्य मनात जुळवत बसायच्या त्याच्या खोडीपर्यंत. "तू कधीच कोणाचं पुरतं बाजरी ऐकून घेत नाही."

बाजरी कुठून आली ते दोघांनाही कळलं. अंकुशने चकती उचलली आणि व्होल्टेज आणखी थोडं चढवलं. तिने कान पुढे केला. भांडण तिथेच राहिलं.

*

चंद्रपूरहून रोशन देवतळे आला तो वडिलांना घेऊन. ग्रुपवरून नंबर मिळवून त्याने आधी दोन-तीनदा फोन केला होता. अंकुशने प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं, तरी तो आला. चांगला मुलगा होता. वडिलांना हात धरून हळू बसवलं, पाठीमागे उशी लावली. वडील कोळसा खाणीतले निवृत्त फोरमन. त्यांच्या गळ्यात हर्षासारखाच स्पीकर होता, पण जुन्या धाटणीचा. ते काही बोलणार असले की त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा, आणि आवाज बऱ्याच वेळाने यायचा.

हर्षा आतल्या खोलीत होती. तिने अंकुशला आत बोलावलं.

"आज चढव," ती म्हणाली. "मी बोलते त्याच्याशी."

"वर जागा नाही आता. उरलंसुरलं आजच जाईल."

"मग ठेवून काय लोणचं घालायचं त्याचं? चढव."

त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने शेवटच्या आकड्यापर्यंत चढवलं. हर्षाने कानामागची जागा बोटांनी चाचपली, ती गरम लागत असावी, आणि ती बाहेर येऊन रोशनच्या समोर बसली.

"रोशन, कबड्डी पाहतो का?"

"पाहतो ना ताई."

"मग ऐक. चढाईवर गेलेल्याला मधली रेषा असते. तो किती का आत जाईना, चार गडी मारू दे नाहीतर एकही नको मारू दे, वळून त्या रेषेला हात लागला की तो वाचला. माणूस आत घुसतो तो त्या रेषेच्या भरवशावर. यांनी मला सांगितलं होतं रेषा आहे. मी आत गेली. खूप मजा आली, खोटं नाही बोलणार. टाळ्या पडल्या. आणि वळून पाहते तर रेषाच पुसलेली. तुझ्या बाबांची चिप दणकट असली तरी पुसली जाईल, कच्ची असली तरी पुसली जाईल. ते आज हळू बोलतात, पण बोलतात. वर्षाने तेही नाही राहणार. माझं उद्यापासून नाही राहणार. हे मी तुला सांगून राहिली, कारण नंतर मला कोणालाच काही सांगता येणार नाही."

एकही शब्द चुकला नाही. आवाज चढला तिथे चढला, उतरला तिथे उतरला. काटोलच्या मैदानावर ती बोलायची तशीच बोलली. अंकुशला वाटलं, आता हा मुलगा उठेल, वडिलांचा हात धरेल आणि घरी जाईल.

रोशन तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई," तो म्हणाला, "किती छान बोलता तुम्ही. एकदाही अडकल्या नाही. बाबा असे बोलायचे. अगदी असेच, समोरच्याला श्वास नाही घेऊ द्यायचे." मग तो अंकुशकडे वळला. "दादा, ग्रुपवर आहे तीच सेटिंग ना?"

"अरे, तिने काय सांगितलं ते ऐकलं का तू?"

"ऐकलं ना. पण एक वर्ष तरी असं मिळेल ना दादा? त्यांच्याकडे तसाही किती वेळ आहे? तुम्ही नाही केलं तर मी घरी करून पाहीन, आकडे आहेत माझ्याकडे."

अंकुशने हात जोडले, ओरडला, पुन्हा हात जोडले. रोशनने सगळं नम्रपणे ऐकून घेतलं आणि वडिलांना उठवलं. सगळे फाटकापर्यंत आले. बाहेर ऊन रणरणत होतं. रोशनने वडिलांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि दार लोटून तो पलीकडे वळसा घालून गेला. खिडकीची काच उघडी होती. हर्षा खाली वाकली.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला काय पाहिजे?"

म्हातारा तिच्याकडे पाहायला लागला. त्याच्या गळ्यातला हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

रोशनने गाडी सुरू केली. एसीचा झोत आला. अंकुशने खिडकीच्या कडेवर हात ठेवला. "थांब रोशन. यांना विचार तरी एकदा."

"विचारलं ना दादा," रोशन म्हणाला. "घरीच विचारलं होतं. काहीच बोलले नाहीत." गल्लीत मागे पाण्याचा टँकर येऊन उभा होता आणि हॉर्न वाजवत होता. रोशनने आरशात पाहत काच वर घेतली. अंकुशला हात काढून घ्यावा लागला.

काच मिटता मिटता आतला स्पीकर बोलला. संथ, एकेक शब्द सुटा सुटा.

"मला काही घाई नाही."

"हाव बाबा, सावकाशच चालवतो," रोशन म्हणाला, आणि गाडी निघाली.

हर्षाने ते ऐकलं होतं. ती गाडीमागे चार पावलं गेली आणि तिने हाक मारली. स्पीकरमधून आधी काहीच आलं नाही. मग "बाजरी, बाजरी" असं आलं, मग नुसती खरखर. टँकर त्यांच्यासमोरून पुढे सरकला आणि गाडी दिसेनाशी झाली. अंकुशने सवयीने खिशातली चकती काढून तिच्या कानाकडे हात नेला. तिने मान बाजूला घेतली, डाव्या हाताने गळ्यातला स्पीकर सोडवला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि ती घरात गेली.